फिजिक्सची पदवी: फी थोडी, वर्षं फार

‘बीएस्सी फिजिक्स करून पुढे काय?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या घरांत आज हमखास विचारला जातो. साठच्या दशकात तो फारसा पडत नसे. विषय तेव्हा सोपा होता अशातला भाग नाही; नोकरी देणारं सरकार समोर उभं होतं, इतकंच.

1945 साली होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी ती बंगळूरहून मुंबईत आली. 1954 मध्ये तुर्भ्याला अणुऊर्जा संशोधनाचं केंद्र उभं राहिलं (आजचं बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र), 1956 च्या ऑगस्टमध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी चालू झाली आणि 1957 मध्ये प्रशिक्षण शाळा निघाली. एमएस्सी झालेल्या पोराला वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवायचं आणि मग थेट वैज्ञानिक अधिकारी म्हणून घ्यायचं, ही योजना त्या काळात केवढी मोठी वाटली असेल! शाळा आजही चालते. इंजिनिअरही तिथे पहिल्यापासून शेजारीच बसतात. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले अनिल काकोडकर मुंबईच्या व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल करून त्याच वाटेने आले.

पण तुर्भ्याला जागा मोजक्या. एमएस्सीवाल्यांना खरा आधार दिला तो गावोगावच्या कॉलेजांनी. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं, तालुक्याला सायन्सची कॉलेजं निघाली, त्यांना व्याख्याते हवे होते. पुढे पगार सरकारी अनुदानातून येऊ लागला आणि ‘प्राध्यापक’ हे लग्नाच्या बाजारातलं वजनदार स्थळ झालं.

1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि हिशेब फिरला. गुणवत्ता यादीत थोडं मागे राहिलेलं जे पोर पूर्वी बीएस्सीला यायचं, ते आता पैसे भरून इंजिनिअर होऊ लागलं. ‘कुठेच नाही मिळालं म्हणून फिजिक्स’ ही समजूत तेव्हापासून घट्ट झाली. 2001 मध्ये राज्याने नव्या कॉलेजांसाठी ‘कायम विनाअनुदानित’ धोरण आणलं. संस्थाचालकांनी मग फी चांगली मिळेल असे कॉम्प्युटर सायन्स, बायोटेकसारखे कोर्स काढले. साध्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सोडियम दिवा, स्पेक्ट्रोमीटर आणि न्यूटनच्या कड्या मोजायचा ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप वर्षानुवर्षं तेच राहिले. चार मुलांत एक मायक्रोस्कोप, बाकीचे तिघे आकडे उतरवून घेणार, हे ज्यांनी जर्नल भरलंय त्यांना सांगायला नको.

नव्वदीत आयटीने एक बाजूचं दार उघडलं. बीएस्सीनंतर एमसीए, एमएस्सीनंतर सीडॅकचा ‘डॅक’ हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा, आणि फिजिक्सवाला कोड लिहायला लागला. पगार मिळाला, पण तो कोडिंगचा होता.

म्हणजे अनुदानित कॉलेजात या पदवीची फी कधीच फारशी नव्हती. महाग पडतात ती वर्षं. बीएस्सीची तीन, एमएस्सीची दोन, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या तयारीत जाईल ते वेगळं, वर पीएचडीची साधारण पाच. वर्गातला इंजिनिअर बावीसाव्या वर्षी कमावता होतो आणि हा अठ्ठाविशीत प्रबंध लिहीत असतो.

इथे एक गोष्ट मात्र लोकांच्या नजरेतून निसटते. जेआरएफ, म्हणजे नेटमधून पीएचडी करणाऱ्याला मिळणारी शिष्यवृत्ती, 2010 मध्ये महिना 16,000 होती; 2014 मध्ये 25,000, 2019 मध्ये 31,000 आणि 2023 पासून 37,000 रुपये झाली. वर्षाचे 4,44,000, घरभाडं वेगळं. मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्याचं पॅकेज याच काळात साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळत राहिलं. तेव्हा जेआरएफ मिळालेल्याचं पहिल्या काही वर्षांत फारसं नुकसान होत नाही. ती न मिळता एमएस्सी झालेल्याचं काय, हा खरा प्रश्न आहे. त्याच्यापुढे बीएड उरतं (तेही 2015 पासून दोन वर्षांचं), नाहीतर तासिका तत्त्व, म्हणजे तासांवर शिकवायची ‘क्लॉक अवर बेसिस’ (सीएचबी) नोकरी. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. त्याच वर्गात तोच धडा शिकवणाऱ्या सीएचबीवाल्याला तासांवर पैसे, आणि सुट्टीत काहीच नाही. वेठबिगारी म्हटलं तर राग येतो, पण दुसरा शब्द सुचत नाही.

2006 मध्ये पुण्यात आयसर ही केंद्राची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आली, पाठोपाठ मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारात सीबीएस हे मूलभूत विज्ञानांचं केंद्र. बारावीनंतर थेट पाच वर्षांचं शिक्षण, संशोधकांच्या हाताखाली. ज्याला विज्ञानातच राहायचंय त्याने आधी इथली प्रवेश परीक्षा द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तालुक्याच्या कॉलेजातून तिथवर पोचणारे आहेत, पण थोडे.

2024 च्या जुलैमध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय चांगलाच. पण फी कमी म्हणून मुलीला बीएस्सीला घालणाऱ्या घरांतलं ते कारणही त्याने संपलं.