प्रसूतीत नाळ दाबली जाणं

डिलिव्हरीच्या वेळी बाळ आणि वार यांना जोडणारी नाळ कुठेतरी चेपली जाते आणि बाळाचा रक्तपुरवठा काही वेळ कमी होतो किंवा थांबतो, त्याला नाळ दाबली जाणं म्हणतात. ऐकून धडकी भरते, पण कळा चालू असताना नाळ थोडीफार दाबली जाणं खूप कॉमन आहे आणि बहुतेक बाळं ते सहन करतात. बघायचं असतं ते किती वेळा दाबली जातेय, किती वेळ, आणि दोन कळांच्या मधे बाळाला सावरायला सवड मिळतेय का.

नाळ साधारण ५० ते ६० सेंटीमीटर लांब आणि बोटाएवढी जाड असते. आत एक शीर आणि दोन धमन्या, आणि इथला कारभार मोठ्या माणसाच्या उलट, म्हणजे ऑक्सिजनवालं रक्त शिरेतून बाळाकडे येतं आणि वापरलेलं रक्त धमन्यांतून वारेकडे परत जातं. या तिघींभोवती व्हार्टन जेली नावाचा बुळबुळीत गर असतो, त्याच्या बाहेर गर्भजल, म्हणजे दुहेरी गादीच. म्हणून पाणी मुळात कमी असेल किंवा पिशवी फुटून पाणी निघून गेलं असेल तर बाळाचं अंग आणि गर्भाशयाची भिंत यांच्यात नाळ सापडते.

दाबली गेली की काय होतं ते बाळाच्या हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या मॉनिटरच्या कागदावर चक्क दिसतं. शिरेची भिंत पातळ, त्यामुळे आधी ती चेपते, हृदयाकडे रक्त कमी येतं आणि ठोके जरासे वाढतात, मग धमन्याही दाबल्या की बाळाचं बीपी एकदम चढतं आणि त्याला उत्तर म्हणून ठोके धाडकन खाली येतात. समजा मिनिटाला १४० ठोक्यांवर चाललेली रेघ, अर्ध्या मिनिटाच्या आत सरळ ८० वर घसरते, कळ ओसरली की तशीच झपकन वर, आणि खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना छोटे उंचवटे. ठोके किमान १५ ने उतरले आणि ही घसरण १५ सेकंद ते २ मिनिटं टिकली तर तिला व्हेरिएबल डिसेलरेशन (बदलती घसरण) म्हणतात, कारण दर वेळी तिचा आकार वेगळा असतो. अधूनमधून एखादी आली तर काळजी नाही, पण प्रत्येक कळेला यायला लागली, खोल व्हायला लागली आणि रेघेतली नेहमीची बारीक थरथर जाऊन ती सपाट दिसायला लागली तर मात्र बाळ थकतंय.

गळ्याभोवती नाळेचा वेढा हे कारण सगळ्यात जास्त घाबरवतं, आणि उगाचच, कारण असा वेढा चार-पाच बाळांमागे एकाला तरी असतोच आणि बहुतेकांची नॉर्मल डिलिव्हरी होते, डोकं बाहेर आल्यावर नाळ डोक्यावरून अलगद काढतात. बाळाचा गळा आवळतोय ही कल्पना चुकीची, ते अजून फुप्फुसांनी श्वास घेतच नाहीये, त्रास होतो तो नाळेतलं रक्त अडलं तर. सोनोग्राफीत वेढा दिसला एवढ्यावरून सिझर लागत नाही.

नाळ बाळाच्या आधी खाली सरकून बाहेर येणं ही वेगळी गोष्ट, ती क्वचितच होते पण खरी इमर्जन्सी आहे. तपासणाऱ्या बोटांना धडधडणारी नाळ लागते, मग तो हात तिथेच ठेवून बाळाचं डोकं वर ढकलून धरतात, आईला गुडघे-छातीवर ओणवं करतात आणि बाळंतपण अगदी होण्याच्या बेतात नसेल तर त्याच अवस्थेत सिझरला नेतात. नाळ आत ढकलायचा प्रयत्न करायचा नसतो, हाताळली की तिच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

एरवी पहिला उपाय साधा, आईला कुशीवर वळवायचं, नाही जमलं तर दुसऱ्या कुशीवर, आणि पुष्कळदा एवढ्यानेच रेघ सुधारते. कळा वाढवायचं ऑक्सिटोसिन चालू असेल तर ते बंद करतात, गरज पडली तर नळीने गर्भाशयात सलाईन सोडून हरवलेली गादी परत भरतात. तरीही ठोके सावरले नाहीत तर व्हॅक्यूम (डोक्याला कप लावून ओढणं), फोरसेप्स (चिमटा) किंवा सिझर.

जन्मल्यावर नाळेतल्या रक्ताचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) तपासला की ऑक्सिजनची किती ओढाताण झाली ते कळतं, ७.० च्या खाली असेल तर डॉक्टर बाळाच्या मेंदूकडे बारीक लक्ष ठेवतात. दिवस भरत आलेल्या बाळात मेंदूला मध्यम किंवा गंभीर इजा झाल्याची लक्षणं असतील तर पहिल्या ६ तासांत अंग थंड करायला घेतात आणि ७२ तास साधारण ३३.५ अंश सेल्सिअसवर ठेवतात, नंतर अगदी हळूहळू ऊब देत नेहमीच्या तापमानाला आणतात.