मेलेल्या एसएमपीएसमधला माल

जुना कॉम्प्युटर कबाडीवाल्याला द्यायच्या आधी लोक प्रोसेसर आणि रॅम काढून ठेवतात, घरच्या सर्किटात त्याचा काही उपयोग नाही बरं का, खरा माल असतो एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या, डब्यात. ट्रान्झिस्टर, डायोड, हीटसिंक, तांब्याची कॉइल, सगळं.

पण डबा लगेच उघडायचा नाही. २३० व्होल्टची एसी डीसी झाली की तिचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास जातं, आणि ते आतल्या वीज साठवणाऱ्या दोन जाड कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही अडकून राहू शकतं. मी डबा दिवसभर पडू देतो, मीटरने बघतो, मगच हात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मात्र मी परत वापरत नाही, गरमीने आतलं द्रव वाळत जातं, आणि आपल्याकडची गरमी काय सांगावी.

पार्ट सुटत नसेल तर जुन्या टाक्यावर आधी नवीन सोल्डर चढवा. उलटं वाटते, पण २००६ मध्ये युरोपने इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी आणल्यापासून बऱ्याच बोर्डांवर बिनशिशाचं सोल्डर येतं, ते २१७ अंशाला वितळायला लागतं आणि आपलं ६३-३७ वालं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ ला, दोन्ही मिसळले की लवकर पातळ होतं अन् सोल्डर ओढायच्या पंपाने ओढलं की पाय मोकळा.

मी यातून कुलरची टाकी भरली की पेटणारा इंडिकेटर केला, कारण पाइप लावून विसरायची आमच्या घरची परंपरा आहे. नागपूरच्या बर्डीवरून तांब्याचा थर असलेली सर्किटची शीट आणली, परमनंट मार्करने सर्किटच्या रेषा काढल्या, फेरिक क्लोराइडमध्ये बुडवली. शाईखालचं तांबं वाचतं, बाकीचं विरघळतं, आणि मे महिन्यात गच्चीवर ट्रे ठेवला की काम भराभर होतं (प्लास्टिकचाच ट्रे, स्टीलचा खाऊन टाकेल).

तीन सेल जोडले, दोन वायर पाण्यात सोडल्या, एलईडी ढिम्म. अर्धा दिवस टाके तपासले. शेवटी कळलं, मी बीसी ५४७ ट्रान्झिस्टर समजून रेषा काढल्या होत्या आणि एसएमपीएसमधून निघाला होता सी ९४५. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून पहिल्याचे पाय कलेक्टर-बेस-एमिटर, दुसऱ्याचे एमिटर-कलेक्टर-बेस! पाय वाकवून, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्लास्टिकची स्लीव्ह घालून बसवला, आणि मग पाण्यातून बेसला जाणारा इवलासा करंट त्याने शंभर-दोनशे पट केला, एलईडी पेटला.

आता दुपारी बाराच्या उन्हात तो पेटलेला दिसतो कोणाला, हा भाग राहिलाच. बझर आणायला परत बर्डीला जाणं आहे.