खाली पडणारं पाणी पंपाला मदत करत नाही
सांगलीत फिश टँकवाल्यांमध्ये लय वर्षं एक समज फिरतोय, की संप (टँकचं पाणी उतरून जमतं ती खालची टाकी, तिथनं पंप ते परत वर चढवतो) तळघरात असला तरी छोटा पंप चालतो, कारण ओव्हरफ्लोच्या पाइपातनं खाली पडणारं टँकचं जादा पाणी वर जाणाऱ्याला ओढून घेतं. नाही हो, अजिबात नाही! टँक आणि संप दोन्ही वरून उघडे, मग ओढ कुठनं लागणार, पडणाऱ्या पाण्याचा जोर संपात खळखळाट करून तिथंच संपतो, सगळी उंची पंपालाच एकट्यानं चढवायची असते.

बॉक्सवरचं तासाला 4000 लिटर हे शून्य उंचीचं असतं, शेजारी एच मॅक्स 3.5 मीटर असं काहीतरी लिहिलेलं असतं ते बघा, तेवढ्या उंचीला धार बंद. संपातल्या पाण्यापासून वरच्या टँकच्या पाण्यापर्यंत टेप लावा, तळघर म्हटल्यावर 3.5 मीटर सहज भरतं, म्हणजे पंप गरगर फिरतोय, वीज खातोय आणि वर थेंब नाही. पाइप जाड केला की घर्षण कमी होतं, उंची नाही. 5-6 मीटर हेडचा (म्हणजे एच मॅक्स तेवढा असलेला) पंप घ्या, पण कंपनीचा कर्व्ह (कुठल्या उंचीला किती पाणी येतं तो आलेख) बघूनच, तासाला टँकच्या 3 ते 5 पट पाणी फिरलं तरी बास.

लाइट गेली की वरचं पाणी उलटं खाली येतं, तेवढी जागा संपात रिकामी ठेवा, नुसत्या चेक वाल्व्हच्या (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) भरवशावर राहू नका. आणि नदीकडच्या भागात तळघरात संप नकोच, 2019 चा पूर आठवतोय ना.