बहाव्याचे फार लाड नकोत

बहाव्याची वाळलेली शेंग हाताने फुटत नाही, मी वरवंट्याने फोडली. हातभर लांब, काळी, नळीसारखी गोल शेंग. आत नाण्यांची चवड रचावी तसे पातळ पडदे, आणि दर दोन पडद्यांच्या मधे काळ्या चिकट गरात बसलेली एक चपटी, तपकिरी, चकचकीत बी. एका शेंगेत अशा 50-60 बिया सहज निघतात.

पहिल्या वर्षी त्यातल्या 20 बिया रात्रभर भिजवून कुंडीत लावल्या. रोज पाणी, वर शेणखत, दुपारी सावली. उगवली एक. दोन महिन्यांनी कुंडी उपसली, तर उरलेल्या 19 जशाच्या तशा! पुसल्यावर पुन्हा चकचकीत. त्या कुजल्या नव्हत्या की मेल्या नव्हत्या. इतके दिवस ओल्या मातीत राहून त्यांच्या आत पाण्याचा थेंबही शिरला नव्हता.

या बीच्या टरफलात उभ्या पेशींचा एक थर असतो. त्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की पाणी आत जात नाही. जंगलात हे कुलूप उघडतात अस्वलं, कोल्हे आणि माकडं. गर गोड असतो, म्हणून ती शेंगा फोडून खातात. बी त्यांच्या पोटातून जाताना टरफल कमजोर होतं. (माणसासाठी हा गर रेचक. आयुर्वेदातला आरग्वध तो हाच, पण मुलांना चाखायला देऊ नका.) जमिनीवर पडून राहिलेल्या बिया ऊन-पावसाने हळूहळू झिजतात, कुणी या वर्षी उगवते, कुणी पुढच्या. एखादा पाऊस दगा देऊन गेला तरी सगळं बियाणं एकदम वाया जात नाही.

आपण अस्वलाचं काम नेलकटरने करायचं. बीला जिथे देठ चिकटलेला असतो, तिथे आत कोंब असतो. ती बाजू सोडून समोरच्या कडेचा अगदी छोटा टवका काढा, आतला फिकट भाग दिसला की थांबा. मग रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी बी दुप्पट फुगलेली दिसली तर जमलं. जी फुगली नाही तिला आणखी एक टवका. भोक पडलेल्या बिया आधीच फेकून द्या, त्या आतून किड्याने पोखरलेल्या असतात. दुसऱ्या वर्षी मी अशा 10 बिया लावल्या आणि 8 उगवल्या.

मधल्या काळात घाई करून एका रोपवाटिकेतून ‘बहावा’ म्हणून रोप आणलं होतं. तो निघाला काशिद! दोघांची फुलं पिवळी, पण काशिद मूळचा आग्नेय आशियातला. पानावरून ओळख सोपी आहे. बहाव्याच्या एका संयुक्त पानात मोठ्या, तळहाताएवढ्या पर्णिकांच्या (एकाच देठावरच्या सुट्या पानांच्या) 4 ते 8 जोड्या असतात. काशिदाच्या पर्णिका बोटाएवढ्या, टोकाला बोथट आणि संख्येने जास्त. शेंग बघायला मिळाली तर शंकाच नको, काशिदाची चपटी असते.

लावायचं कसं, ते थोडक्यात. भरपूर ऊन, पाणी न साचणारी जागा, भिंतीपासून 3-4 मीटर अंतर. काळ्या मातीत खड्ड्यात मुरूम मिसळा. रोप वर्षभराचं असतानाच जमिनीत जाऊ द्या; सोटमूळ पिशवीत वेटोळं घालून बसलं की पुढे ते सुटत नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी हवंच, पण झाड रुजल्यावर फेब्रुवारीनंतर हात आखडता घ्या. पानं गाळण्याचा हा काळ कोरडा गेला तर फुलोरा चांगला येतो. रोज पाइप सोडलेल्या लॉनमधला बहावा पानांनी डवरतो आणि फुलायचं विसरतो.

आणि फूल एकदा तरी हातात घेऊन बघा. दहा पुंकेसर, पण तीन तऱ्हांचे. तीन लांब, धनुष्यासारखे वाकलेले. चार आखूड, सरळ. उरलेले तीन अगदी खुजे, जवळजवळ निकामी. या फुलात मध नाही, काळे भुंगे येतात ते परागासाठी. भुंगा आखूड केसरांना धरून पंखांचे स्नायू थरथरवतो, केसराच्या भोकातून पराग सांडतात आणि तो ते पोटापाण्यासाठी घेऊन जातो. त्याच वेळी लांब केसरांचे पराग त्याच्या अंगावर अशा ठिकाणी लागतात की त्याला ते सहज झाडता येत नाहीत, आणि तेच पुढच्या फुलाच्या कामी येतात. थोडक्यात, एक केसर मजुरीचे आणि एक बीजाचे. अशी कामाची वाटणी काही फुलांत असते, हे हर्मान आणि फ्रिट्झ म्युलर या जर्मन निसर्गअभ्यासक बंधूंनी 1880च्या दशकात मांडलं होतं.

बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असं आपल्याकडे म्हणतात. हिशेब बऱ्याचदा जुळतो, कारण बहावा एप्रिलअखेर फुलतो आणि मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. दोघंही आपापलं वेळापत्रक पाळतात, एवढंच. एखादा चुकार बहावा सप्टेंबरातही फुलतो, त्यावरून दिवाळीच्या पावसाचा अंदाज कुणी बांधत नाही.

पावसाळ्यात कोवळी पानं कुरतडलेली दिसली की शेजारी फवारणीचा पंप देऊ करतात. मी नको म्हणतो. त्या हिरव्या अळ्या कॉमन एमिग्रंट नावाच्या फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या असतात. या फुलपाखराची मादी बहाव्याच्या पानावर अंडी घालते. झाड महिन्याभरात पुन्हा पालवतं.

माझ्या त्या आठांपैकी अंगणात एकच ठेवला, बाकीचे वाटले. सातव्या उन्हाळ्यात त्याला पहिले चार घोस आले, हातभर लोंबणारे. शेकडो फुलं झडली आणि धरली एकच शेंग. जूनमध्ये हिरवी होती, आता काळी पडत आलीय. पिकायला तिला जवळजवळ वर्ष लागतं, म्हणजे ती उतरवेपर्यंत शेजारच्या फांदीवर पुढची फुलं आलेली असतील.