बिलं टॅलीत खरंच पोचली का? ताळा कसा घ्यावा

आमच्या बहुतेक ग्राहकांकडे काउंटरवर बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि मागे हिशेबाला टॅली असते. रात्री 'डे एंड' (दिवसाचा हिशेब बंद) केला की दिवसभराची बिलं आपोआप टॅलीकडे जातात आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'डेटा पाठवला' असं येतं. त्या हिरव्या ओळीवर विसंबून शटर ओढू नका. दोन्ही प्रोग्राम एकमेकांशी बोलले, एवढंच ती सांगते. कदंबच्या बसने पाठवलेलं पार्सल पणजी स्टँडवर पोचलं, तरी ते कोणी उतरवून घेतलं का, हे वेगळं विचारावंच लागतं.

खरं उत्तर टॅलीकडून येतं: क्रिएटेड (नवी नोंद झाली), अल्टर्ड (आधीची नोंद बदलली), इग्नोअर्ड (सोडून दिली), एरर्स (चुकीमुळे अडली). समजा, 144 बिलं गेली आणि 'क्रिएटेड 142, एरर्स 2' असं आलं. म्हणजे दोन बिलं बाहेरच राहिली. त्या दोघांपायी टॅली बाकीची अडवून धरत नाही, म्हणूनच ही गळती चटकन लक्षात येत नाही. कारण बहुतेक वेळा खात्याचं नाव असतं. अकाउंटंटने टॅलीत 'काजू विक्री'चं 'काजूगर विक्री' केलेलं असतं, बिलिंगमध्ये मात्र जुनंच नाव. मग टॅली 'लेजर (म्हणजे खातं) अस्तित्वात नाही' म्हणून मोकळी होते. नावं सारखी करा आणि बिलं पुन्हा पाठवा. सगळी पाठवलीत तरी चालेल. प्रत्येक बिलासोबत ओळखक्रमांक जातो, त्यामुळे आधीच्या नोंदी 'अल्टर्ड'मध्ये मोजल्या जातात, दुप्पट होत नाहीत. पण अडलेलं बिल मधल्या वेळात कोणी हाताने टॅलीत टाकलं असेल, तर ते नक्की दोनदा दिसेल. तेव्हा हात आवरा.

एरर्स शून्य असले तरी डे एंड रिपोर्ट आणि टॅलीचं डे बुक (दिवसाच्या नोंदींची यादी) शेजारी ठेवून बिलांची संख्या, एकूण रक्कम आणि कर जुळवा. संख्येत एकाचा फरक आला तर आधी रद्द केलेलं बिल शोधा. बहुधा तेच असतं.

बार आणि रेस्टॉरंटवाल्यांनी कराकडे जास्त लक्ष द्यावं. एकाच टेबलाच्या बिलात फिश थाळीवर जीएसटी लागतो, तर फेणी किंवा बिअर जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर राज्याचा व्हॅट. नवा आयटम घालताना गट चुकला आणि बिअर जेवणाच्या विक्रीत गेली, तरी दिवसाची एकूण रक्कम रुपया-पैशासकट जुळते! चूक फक्त खातेवार बेरजेत सापडते.

रात्री बारानंतर फाडलेलं बिल कोणत्या तारखेला धरायचं, हे सेटिंगमध्ये एकदाच ठरवा आणि आपल्या सीएंना कळवा. बिलिंग 'डे एंड'पर्यंत जुनी तारीख धरतं आणि बिलं टॅलीकडे नेणारा कनेक्टर घड्याळाची तारीख पाठवतो, अशी स्थिती असेल तर रोजचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. एरवी ते खपतं, पण 31 मार्चच्या रात्री तीच बिलं पुढच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतात.

दर महिन्याला जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरणाऱ्यांनी हा ताळा महिना संपताच घ्यावा. मुदतीच्या, म्हणजे 11 तारखेच्या, आदल्या संध्याकाळी सगळ्यांचेच फोन येतात. पावसाळ्यात वीज मध्येच गेली, तर आधी टॅलीतलं शेवटचं बिल क्रमांकासह बघा, मगच पुन्हा पाठवा.

तरीही अडलं तर निकालाच्या स्क्रीनचा फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. एररची ओळ पूर्ण वाचता येईल असा काढा.