अझिथ्रोमायसिन तीनच दिवस का?

बाकीची अँटिबायोटिक्स पाच-सात दिवस आणि अझिथ्रोमायसिन मात्र अनेकदा तीनच दिवस, म्हणजे ते जास्त 'स्ट्राँग' असणार, असा समज घरोघरी आहे. ताकदीचा इथे संबंध नाही. ते औषध पेशीत शिरून कसं अडकतं, त्यात खरी गंमत आहे.

श्वासमार्गाच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातलं औषध पलीकडच्या पातळ द्रवात, म्हणजे जंतूंपर्यंत, पोचायला वाटा दोनच: पेशींमधल्या फटीतून किंवा थेट पेशीतून. अमॉक्सिसिलिन पाण्यात रमणारं, स्निग्ध पेशीपटलातून सहज जात नाही. ते मुख्यतः फटीतून झिरपतं, आणि त्या द्रवात त्याचं प्रमाण रक्तापेक्षा कमी राहतं.

अझिथ्रोमायसिनच्या रेणूत आम्लारिधर्मी, म्हणजे हायड्रोजन आयन उचलून धन प्रभार घेणारे, नायट्रोजन दोन. पटल ओलांडतो तो प्रभार नसलेला रेणू; प्रभार आला की ते जवळपास अशक्य. पेशीद्रवाचा सामू (pH) साधारण 7.2, तर लयकारिकेच्या, म्हणजे पेशीतल्या आम्लयुक्त पिशवीच्या, आत 5 च्या आसपास, म्हणजे हायड्रोजन आयन तिथे शंभरपटीहून जास्त. रेणू आत आला की दोन्ही नायट्रोजन एकेक आयन उचलतात आणि परतीची वाट बंद! एका नायट्रोजनमुळे साठा शंभरपट धरला, तर दोहोंमुळे गणिताने 100 × 100, दहा हजारपट. प्रत्यक्षात इतकं होत नाही, कारण साठणारं औषधच आतलं आम्ल शोषतं आणि सामू चढतो. तरी फुफ्फुसातल्या भक्षकपेशींत ते रक्ताच्या शेकडो पट सापडतं. गोळ्या संपल्यावर हा साठा हळूहळू पाझरत राहतो; औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे त्याचं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे 68 तास आहे. म्हणून तीन दिवस पुरतात.

पण साठा कितीही असो, सर्दीच्या विषाणूवर त्याचा उपयोग नाही. कोविडमध्ये हे औषध सर्रास दिलं गेलं. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत दाखल रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही. कपाटात उरलेली गोळी खोकल्यावर घेणं थांबायलाच हवं.

टोब्रामायसिन या अँटिबायोटिकचं अझिथ्रोमायसिनच्या उलट. त्याच्यावर इतके धन प्रभार असतात की रक्तातून ते अस्तरापलीकडे जेमतेम पोचतं, आणि डोस वाढवावा तर मूत्रपिंड व कान धोक्यात. म्हणून सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसात घट्ट कफ साठवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांना ते नेब्युलायझरने देतात. अमेरिकेत याला 1997 मध्ये मान्यता मिळाली. अस्तर हवेच्या बाजूनेही तितकंच घट्ट असल्याने बरंचसं औषध श्वासमार्गातच राहतं आणि रक्तात थोडंच उतरतं.