बुडावरचा आकडा म्हणजे सन नव्हे

इतवारीत कबाड्याकडे जुनी बाटली दिसली की कुणीतरी ती उलटी करून सांगतंच, "३२ लिहिलंय, म्हणजे १९३२ ची!" आणि त्यावर भाव चढतो. हे चूक आहे. असा सुटा आकडा बहुतेक वेळा साच्याचा क्रमांक असतो.

आधी कारखान्याची खूण शोधा. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या ओवेन्स-इलिनॉय या काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपनीची जुनी खूण बघा: शंकरपाळ्यासारखा चौकोन, त्यावर लंबगोल, मधोमध उभी रेघ. या खुणेच्या डावीकडे कारखान्याचा क्रमांक, उजवीकडे सनाचा शेवटचा आकडा. तिथे नुसता ४ असेल, तर १९३४ की १९४४? तेवढ्यावरून सांगता येत नाही.

म्हणून सांध्याची रेघ, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथली बाटलीवरची उभी रेघ, हीही तपासा. ती थेट ओठावरून गेली असेल, तर बाटली सहसा यंत्रावरचीच.